डेल्को फिरवण्याआधी

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली होती, तेव्हा आम्ही हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये एका उघड्या बॉनेटपुढे उभे होतो. आपल्या मंडळातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने १९८३ सालची टोयोटा कोरोला विकत घेतली आहे. (मुलाचं नाव देत नाही. त्याच्या आईने त्याला अजून माफ केलेलं नाही.) ही तीच चौकोनी, मागच्या चाकांवर चालणारी केई-सत्तर कोरोला. नव्वदच्या दशकात इथे आलेल्या आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची ती पहिली गाडी होती आणि जरा बरे दिवस येताच आपण ती मिळेल त्या किमतीला काढून टाकली. आता तरुण पोरं तीच गाडी शोधत फिरतात आणि आपण विकली होती त्याच्या कितीतरी पट पैसे मोजतात. असो.

मुलगा म्हणाला, "काका, चढावर टकटक आवाज येतो. डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून बघू का?" मागून त्याचे वडील म्हणाले, "फिरव की. आमच्या वेळी मेकॅनिक कानानेच सेट करायचे."

आम्ही जवळजवळ ओरडलोच, "हात लावू नकोस!"

दोघंही चमकले. मग कारण सांगणं भाग पडलं. सांगता सांगता मोदक संपले आणि संपादकांनी वर हुकूम सोडला की हे सगळं पुढच्या अंकासाठी लिहून द्या. म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात आमची फजिती आहे.

आम्ही १९९५ च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला आलो. एप्रिलमध्ये अशीच एक केई-सत्तर घेतली, तेरा वर्षांची, फिकट पिवळी. तोपर्यंत सौ.ला न्यूटाउनकडच्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळीचं काम मिळालं होतं. आमचं घर जॉन्सनव्हिलला. आम्हाला स्वतःला अजून नोकरी नव्हती. घरात येणारा पगार तो एकच आणि तो त्या गाडीवर अवलंबून, कारण रविवारी पहाटे पाळी संपली की घरी यायला दुसरं साधन नसे. शहरातून जॉन्सनव्हिलला यायचं तर नौरंगा गॉर्जचा चढ चढावा लागतो. आमच्या घरी त्याचं नाव पहिल्या दिवसापासून 'नवरंगा घाट' पडलं आहे. खंडाळ्यापुढे तो काहीच नाही, पण तेराशे सीसीच्या जुन्या इंजिनाला पुरेसा आहे.

जूनमध्ये थंडी पडली आणि गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. आम्ही म्हटलं, यात काय मोठं? मुंबईला काकांची प्रीमियर पद्मिनी होती. लहानपणी दर दोन-तीन महिन्यांनी गल्लीतला मेकॅनिक येऊन तिचे पॉइंट घासायचा, प्लग साफ करायचा आणि मग इंजिन चालू ठेवून डेल्को हाताने हळूहळू फिरवायचा. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. एका जागी आवाज मऊ व्हायचा. तो म्हणायचा, "बस, लागलं," आणि बोल्ट कसायचा. आम्ही हे पन्नास वेळा तरी पाहिलं असेल.

(आपले मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डेल्को का म्हणतात हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. तिच्या आद्याक्षरांवरून डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारी ठिणगीची पद्धत मोटारींत रुळवली ती या मंडळींनी. त्यांचं नाव कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीतही येऊन बसलं आणि दादरच्या गल्लीतही.)

तर जूनमधल्या एका रविवारी आम्ही बॉनेट उघडलं, डेल्कोच्या खालचा बोल्ट सैल केला, इंजिन चालू केलं, मान कलती केली आणि डेल्को फिरवला. खरोखरच एका बाजूला फिरवताना इंजिनाचा वेग वाढला, आवाज गुळगुळीत झाला. आणखी थोडं फिरवलं, आणखी छान. तिथे कसून टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी एका फटक्यात सुरू झाली. पिकअपही वाढल्यासारखा वाटला. सौ.पुढे आम्ही बरीच फुशारकी मारली.

त्याच आठवड्यात आम्ही आणखी एक शहाणपण केलं. तेव्हा पंपावर दोन प्रकारचं पेट्रोल मिळे. एक ९६ ऑक्टेनचं, शिसं असलेलं 'सुपर', आणि दुसरं ९१ चं, शिसं नसलेलं आणि स्वस्त. गाडीच्या आधीच्या मालकीणबाई सुपर भरत. आम्ही काटकसर म्हणून ९१ भरलं.

जुलै उजाडला आणि नवरंगा घाटात इंजिन बोलू लागलं. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवावेत तसा आवाज. सपाटीवर काही नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की टक्-टक्-टक्-टक्. सौ. पहाटे घरी आली की चहाआधी तेच सांगायची. एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी इंजिन उघडून बघावं लागेल असं सांगितलं आणि अंदाज दिला नऊशे डॉलर. बँकेत होते अकराशे.

आमच्या शेजारी एक पेन्शनर आजोबा राहत. पोरिरुआला टॉड मोटर्सचा मोटारी जोडण्याचा मोठा कारखाना होता. तो १९७५ साली सुरू झाला, १९८७ साली मित्सुबिशीने घेतला आणि १९९८ साली बंद पडला. या आजोबांची उमेद त्या कारखान्यात गेली होती. कुंपणापलीकडून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "टायमिंग किती आहे?" आम्ही म्हटलं, "छान आहे, आम्ही स्वतः केलं." ते म्हणाले, "छान हा आकडा नाही." आणि घरात जाऊन पिस्तुलासारखा एक दिवा घेऊन आले.

त्या दिव्यात काय दिसलं ते सांगण्याआधी टायमिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. (ज्यांची गाडी टायमिंग बेल्ट बदलायला गॅरेजात जाते त्यांनी गोंधळू नये. तो बेल्ट वेगळा. आपण बोलतोय ते प्लगमध्ये ठिणगी कधी पडते त्याबद्दल.)

पिस्टन सिलिंडरमध्ये वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. झोपाळा ढकलण्यासारखंच हे आहे. आपल्याकडे येता येता ढकलला तर मनगटाला झटका, फार उशिरा ढकलला तर हात नुसताच हवेत. फरक इतकाच की मिश्रण एकदम जळत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पाडावी लागते. ते 'थोडं आधी' म्हणजे टायमिंग, आणि ते क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. आमच्या गाडीच्या पुस्तकात आठ अंश दिले होते. तुमच्या गाडीचे किती ते तुमच्या पुस्तकात किंवा बॉनेटच्या आतल्या चिकटपट्टीवर बघा, आमचा आकडा उसना घेऊ नका.

इंजिन संथ चालत असतं तेव्हा मिनिटाला साधारण ७५० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८० मिलिसेकंद. तीन हजार फेऱ्यांवर एका फेरीला फक्त २०. जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर हवी. ते काम डेल्कोच्या आतली दोन छोटी वजनं करतात. फिरण्याच्या जोराने ती बाहेर फाकतात आणि टायमिंग पुढे नेतात. शिवाय बाजूला एक डबी असते, तिला कार्बुरेटरकडून एक बारीक रबरी नळी येते. ॲक्सिलरेटर हलका असताना ती आणखी थोडं पुढे नेते. आपण डेल्को हाताने फिरवतो तेव्हा फक्त सुरुवातीचा आकडा बदलतो, पण त्यावरची सगळी बेरीज त्याच्याबरोबर सरकते.

आता आमची चूक कुठे झाली ते बघा. गाडी उभी असताना इंजिनावर भार नसतो. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच जातं, ते हळू जळतं. त्यामुळे ठिणगी जितकी लवकर पाडाल तितकं त्याला आवडतं. वेग वाढतो, आवाज मऊ होतो. कान म्हणतो, आणखी द्या, आणखी द्या. उभ्या गाडीत कानाचं समाधान होईपर्यंत टायमिंग बरंच पुढे गेलेलं असतं. मग चढ येतो. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर गच्च भरतो, दाब आणि उष्णता वाढते. ठिणगी फार लवकर पडली असेल तर पिस्टन अजून वर येतोय तोवर आग पसरू लागते, आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत आपोआप भडकतं. तोच तो डब्यातल्या खड्यांचा आवाज. बरेच दिवस असंच चालू दिलं तर हेड गॅस्केट जातं, पिस्टनला भोकही पडू शकतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची या आपोआप भडकण्याला टिकाव धरण्याची ताकद. आम्ही एकीकडे टायमिंग पुढे नेलं आणि दुसरीकडे ९६ चं पेट्रोल सोडून ९१ भरलं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. (पेट्रोलमध्ये शिसं घालून ही टकटक थांबवता येते हे शोधणारे टॉमस मिजली १९२१ साली याच केटरिंगसाहेबांच्या हाताखाली काम करत होते. म्हणजे पॉइंटही त्यांच्या घरचे आणि शिसंही. त्या शिशाने पुढे जगभरातल्या मुलांचं किती नुकसान केलं हे आज आपल्याला ठाऊक आहे. न्यूझीलंडमध्ये ते १९९६ साली बंद झालं, भारतात सगळीकडे २००० साली.)

मग मुंबईचा तो मेकॅनिक चुकत होता का? या प्रश्नाने आम्ही काही दिवस अस्वस्थ होतो. उत्तर आठवणीतच सापडलं. "बस, लागलं" म्हणून तो थांबत नसे. काकांना शेजारी बसवून तो गाडी बाहेर काढायचा, केम्प्स कॉर्नरच्या फ्लायओव्हरवर मुद्दाम टॉप गिअरमध्ये चढवायचा आणि परत येऊन बॉनेट उघडून डेल्को केसभर मागे घ्यायचा. कधी दोनदा जायचा. आम्ही मुलं तोवर क्रिकेट खेळायला गेलेली असायचो. त्याची अर्धीच विद्या आम्ही पाहिली आणि पुरी समजून न्यूझीलंडला घेऊन आलो.

तर आजोबांनी दिवा लावला. त्याच्या दोन वायरी बॅटरीला आणि तिसरी चिमट्यासारखी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीभोवती. आमच्या गाडीत पहिला म्हणजे रेडिएटरकडचा. त्या प्लगला ठिणगी मिळाली की दिवा लकाकतो. क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि शेजारी इंजिनावर अंशांची पट्टी. दिव्याच्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते आणि खाच पट्टीवर कुठे आहे ते वाचता येतं. सौ.ने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, खाच दिसतच नाही."

खाच पट्टी सोडून पलीकडे गेली होती. आजोबांच्या अंदाजाने अठरा-वीस अंश. आठच्या जागी.

ते हसले नाहीत, हे आम्ही विसरलो नाही. "डेल्कोला आत्ता हात लावू नका," म्हणाले. "आधी पॉइंट." आणि इथे ती गोष्ट येते जी त्या मुलाला पार्किंगमध्ये आम्ही तीनदा सांगितली. टायमिंग सगळ्यात शेवटी करायचं. पॉइंट म्हणजे एक छोटा स्विच. तो ज्या क्षणी उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. त्याची एक टाच फिरत्या कॅमवर घासत असते. ती झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणजे गाडीचा जोर कमी होण्याचं मूळ कारण झिजलेला पॉइंट, आणि आपण डेल्को फिरवून ते झाकतो. पुढे कोणी पॉइंट नवा घातला की झाकलेलं उघडं पडतं आणि टायमिंग भलतंच पुढे जातं. म्हणून आधी प्लग, मग पॉइंटची फट फिलर गेजने (आमच्या पुस्तकात ०.४५ मिलिमीटर), मग इंजिनाचा संथ वेग आणि मग टायमिंग. आमचा पॉइंट अर्थातच झिजलेला निघाला. जूनमधली सकाळची कुरकुर त्याचीच होती.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी पुढचं जरा तपशिलाने. गाडी गॅरेजच्या बाहेर काढा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जीवघेणं आहे, हिवाळ्यातसुद्धा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल, हेडलाइट आणि हीटर बंद. इंजिन चांगलं तापू द्या. मग बंद करून पुलीवरची खाच चिंधीने पुसा आणि तिच्यात पांढरा रंग भरा. खडूसुद्धा चालतो, आमच्याकडे सौ.च्या नेलपॉलिशचा हात लागला. पट्टीवरच्या हव्या त्या आकड्यालाही एक ठिपका द्या. डेल्कोच्या डबीची रबरी नळी काढून तिचं तोंड बंद करा, असं पुस्तकात सांगितलं असेल तर. आजोबा त्यात गोल्फची लाकडी टी खुपसत.

बोल्ट इतकाच सैल करायचा की डेल्को हाताने फिरेल पण आपणहून हलणार नाही. इंजिन चालू करा, दिवा धरा, डेल्को अगदी मुंगीच्या पावलाने फिरवा. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे एक अंश हलवलात की क्रँकवर दोन अंश होतात. आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डेल्को फिरवला तर टायमिंग मागे, उलट फिरवला तर पुढे. रोटरची दिशा आधी झाकण काढून, कोणाला तरी क्षणभर स्टार्टर मारायला लावून बघून ठेवा. त्या वेळी हात दूर. खूण जुळली की बोल्ट कसा आणि पुन्हा दिवा मारून बघा, कारण कसताना तो हटकून थोडा सरकतो. मग ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. खाच पट्टीवरून पुढे सरकत गेली पाहिजे. जागची हललीच नाही तर आतली वजनं गंजून अडकली आहेत आणि मग नुसतं टायमिंग लावून काही उपयोग नाही. शेवटी रबरी नळी परत लावा. ही विसरली जाते. आम्ही दोनदा विसरलो आहोत.

दिवा नसेल तरी काम होतं, बारा व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. बल्बची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या धातूला. इंजिन बंद, पाना लावून क्रँक हाताने नेहमीच्याच दिशेने फिरवायचा. पहिल्या सिलिंडरची पाळी असताना, म्हणजे रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे असताना, खाच हव्या त्या आकड्यावर आणून थांबवायची. मग इग्निशन चालू करा आणि डेल्को आधी रोटरच्या दिशेने थोडा मागे घ्या, बल्ब विझेल. आता उलट दिशेने हळूच पुढे आणा. बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथे पॉइंट उघडला. तिथे कसा. इग्निशन नुसतं चालू ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापते. आमच्या मते पहिल्यांदा शिकणाऱ्याने हीच पद्धत करावी, कारण यात काहीच फिरत नसतं.

फिरण्यावरून आठवलं. दिव्याची एक फसवणूक आहे. पुली त्यात थांबलेली दिसते आणि पुढचा पंखाही संथ सरकतोय असा भास होतो. त्या दिवशी सौ.च्या गळ्यात तिच्या आईने विणून पाठवलेला मफलर होता. खाच वाचायला ती आणखी वाकली. आजोबा ओरडले, आम्ही तिला मागे ओढलं, आणि मफलरचं टोक पंख्याने फाडून नेलं. एका क्षणात हातभर लोकर. गाठ सैल होती म्हणून मफलर गळ्यातून निसटला. ती काही बोलली नाही, पायरीवर जाऊन बसली. आम्ही इंजिन बंद केलं आणि बराच वेळ कोणीच पुन्हा चालू केलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. मफलर, ओढणी, पदर, टाय, लांब मंगळसूत्र, मोकळे केस यांतलं काहीही अंगावर असेल तर बॉनेटच्या तीन फुटांच्या आत यायचं नाही. वाचकहो, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मफलरशिवाय, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून, तिनेच परत दिवा धरला. आम्ही म्हटलं, राहू दे, तर म्हणाली, "कपाळाला हात लावून ताप आहे इतकंच कळतं. किती आहे ते थर्मामीटर बघूनच लिहावं लागतं. तुम्ही फिरवा, मी वाचते." आठ अंशांवर खूण जुळली. आवाज आधीपेक्षा जरा खडबडीत झाला होता आणि आमचा कान अजूनही म्हणत होता, आणखी थोडं पुढे घ्या. आजोबांनी बोल्ट स्वतः कसला.

मग तिघं गाडीत बसून खाली गेलो आणि नवरंगा घाट टॉप गिअरमध्ये चढलो. ९१ च्याच पेट्रोलवर. टकटक नाही. अगदी वरच्या वळणाशी एकदा हलकीशी खूटखूट झाली. आजोबा म्हणाले, एवढी चालते, फार वाटली तर एक अंश मागे घ्या. खर्च झाला पॉइंट, कंडेन्सर आणि चार प्लग इतकाच. नऊशे डॉलर वाचले आणि सप्टेंबरमध्ये आम्हाला नोकरी लागेपर्यंत घर त्यावरच चाललं. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. सौ. त्यांच्याकडे पुरणपोळी घेऊन गेली तेव्हा त्यांनी ती लोणी आणि जॅम लावून खाल्ली.

एक मात्र सांगायला हवं. इथली वॉरंट ऑफ फिटनेस तपासणी टायमिंग बघत नाही. ब्रेक, टायर, दिवे, गंज, सीटबेल्ट हे सगळं बघतात. वॉरंट मिळाली म्हणजे इंजिन ठीक, असं आम्ही त्या जुलैमध्ये धरून चाललो होतो.

नंतरच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. जपानहून आलेल्या नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच टोयोटांत, आपल्या कित्येकांकडे असलेल्या स्टारलेटमध्येही, डेल्को आहे पण पॉइंट नाही, आणि टायमिंग संगणक ठरवतो. तिथे तपासणीच्या खोक्यातली टीई-एक आणि ई-एक ही दोन टोकं वायरीने जोडावी लागतात, म्हणजे संगणक आपली ढवळाढवळ थांबवतो, आणि मग दिव्याने बघायचं. भलती टोकं जोडलीत तर महागात पडेल, पुस्तक समोर असल्याशिवाय करू नका. त्याहून नव्या गाड्यांत डेल्कोच नसतो. तिथे फिरवण्यासारखं काही नाही.

आता त्या मुलाच्या गाडीचं. गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी बापलेक आमच्या ड्राइव्हवेवर आले. वडिलांनी टाय लावला नव्हता हे आम्ही आधी तपासलं. पॉइंटची फट जवळजवळ नाहीशीच झाली होती आणि तरीही दिव्यात टायमिंग चौदा अंशांवर, म्हणजे आधीच्या मालकाने फिरवून ठेवलेलं. नवा पॉइंट बसवल्यावर ते आणखी पुढे गेलं, खाच पट्टीच्या बाहेर. मुलगा हे बघून इतका खूश झाला की त्याने फोनवर फोटो काढायचा प्रयत्न केला, पण लकाकणाऱ्या दिव्यात फोटो येईना. आठवर आणलं. वडील म्हणाले, "आवाज मघाशी जास्त चांगला होता." आम्ही काही बोललो नाही, किल्ली त्यांच्याच हातात दिली. ते दोघं नवरंगा घाट चढून वीस मिनिटांनी परत आले. वडील खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून जरा उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "आईला फोन कर, म्हणावं टकटक गेली."

आजोबा २००४ साली वारले. जाण्याच्या आधी दिवा आम्हाला देऊन गेले. तो आता मंडळाच्या कपाटात, लेझीम आणि मोदकांच्या साच्यांच्या वरच्या खणात ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी भांड्यांच्या वहीत नाव आणि तारीख लिहून न्यावा आणि काम झालं की परत आणावा. बॅटरीच्या लाल चिमट्याचं एक दातं तुटलं आहे, ते आधीपासूनच तसं आहे.